फिरत्या ध्वनिमुद्रणाची साधने व त्यांचा शाळेतील उपयोग

इयत्ता : सहावी व सातवी. विषय : सामान्य विज्ञान, मातृभाषा व परिसर-अभ्यास. तासिका : चार.

पाठाची उद्दिष्टे : (१) बोललेला शब्द यंत्रात कसा साठविला जातो, हे विद्यार्थ्यांस समजावून देणे. (२) बरोबर नेता येण्याजोग्या साधनांची निवड व वापर शिकविणे. (३) गावातील वृद्धांचे बोलणे व गाणे नीट टिपून जतन करण्याची सवय लावणे.

प्रास्ताविक

मुलांना लिहिण्या-वाचण्यास शिकविणे हे प्राथमिक शिक्षकाचे आद्य कर्तव्य होय. तथापि भाषा ही आधी कानाची आणि मग डोळ्याची वस्तू आहे, हे विसरून चालणार नाही. शिक्षकांनी फळ्यावर 'जग' हा शब्द लिहून तो मुलांकडून वाचवून घ्यावा. 'सारे जग' यातील 'जग' आणि 'सुखाने जग' यातील 'जग' यांचे लेखन एकच, पण उच्चार निराळे आहेत. पहिल्यात 'ज'चा उच्चार तालव्य आहे, दुसऱ्यात दंततालव्य. हा भेद देवनागरी लिपी दाखवीत नाही. मग बोलण्यातील हेल, थांबणे, शब्दावरचा जोर आणि गावागावांगणिक बदलणारी लकब ही लेखनात कोठून उतरणार? ती टिपण्याचे काम ध्वनिमुद्रक यंत्रच करू शकते.

आज पुष्कळ मंडळी घराबाहेर, प्रवासात किंवा शेताच्या बांधावर बसून मुलाखती मुद्रित करतात व श्राव्य मालिकेच्या रूपाने त्या लोकांस ऐकवितात. अशा मालिकेस पॉडकास्ट म्हणतात. हा शब्द २००४ साली प्रथम छापला गेला. त्यासाठी लागणारे साहित्य आता एका पिशवीत मावते. म्हणूनच दोनशिक्षकी शाळेसही हे काम हाती घेणे अशक्य राहिलेले नाही.

थोडा इतिहास

थॉमस एडिसन याने १८७७ साली फोनोग्राफ तयार केला आणि माणसाचा आवाज टिपून पुन्हा ऐकविणे प्रथमच शक्य झाले. भारतातील भाषांची पाहणी जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या देखरेखीखाली झाली. त्या पाहणीला जोडून १९१३ ते १९२९ या काळात अनेक भाषांच्या व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या करण्यात आल्या. त्या काळी बोलणाऱ्याला यंत्रापाशी यावे लागे. यंत्राने बोलणाऱ्याच्या दारी जावे, ही सोय हळूहळू झाली. स्टेफान कुडेल्स्की याने स्वित्झर्लंडमध्ये १९५१ साली 'नाग्रा' हे फितीवर ध्वनिमुद्रण करणारे सुटसुटीत यंत्र काढले. त्याची फीत घड्याळासारख्या किल्लीच्या यंत्रणेवर चाले. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लहान कॅसेट आणली आणि ध्वनिमुद्रण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आता फितीची जागा मेमरी कार्डाने घेतली आहे.

एक मोठे उदाहरण

फिरत्या ध्वनिमुद्रणाने काय साधते व ते वेळेवर न झाल्यास काय हरपते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे काम १९८०च्या दशकात सुरू झाले. एक हजाराहून अधिक गावांतून एक लक्ष दहा हजारांहून अधिक ओव्या लिहून घेण्यात आल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांची संगणकावर नोंद झाली आणि शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून हा ठेवा सर्वांसाठी खुला करण्यास आरंभ केला.

या आकड्यांकडे मुलांचे लक्ष वेधावे. ओव्या एक लक्षाच्या वर आहेत, पण त्यांतील बहुसंख्य केवळ कागदावर आहेत. ऐकावयास मिळतात त्या त्यामानाने थोड्या. लिहिलेल्या ओवीचा अर्थ कळतो. परंतु ती कोठे लांबविली, पालुपद कोठे घेतले, दुसरीने सूर केव्हा उचलला, हे कागद सांगत नाही. पिठाची गिरणी गावात आली तशी पहाटेची दळणाची वेळ संपली, आणि काम संपताच ते गाणे मुलीने आईकडून ऐकून शिकण्याची रीतही संपली. गिरणी आल्यामुळे बायकांचे कष्ट वाचले, ही आनंदाची गोष्ट होय; तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र कष्टांबरोबर गाणेही जावे असे काही नव्हते. जिला त्या ओव्या येतात अशी आजी आपल्या गावात आहे तोवरच तिचा आवाज टिपता येईल. यासाठी हा पाठ पुढील वर्षावर ढकलू नये.

साधनांचा परिचय

१. ध्वनिग्राहक. यालाच आपण माईक म्हणतो. आवाजाने हवा कंप पावते, त्या कंपाने माईकमधील पातळ पडदा हलतो आणि त्या हालचालीचे रूपांतर विजेच्या लहरींत होते. एका प्रकारात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असून ते चुंबकाजवळ हलते. हा माईक दणकट असतो, पण त्याची लहर क्षीण असल्याने ती वाढवावी लागते. दुसऱ्या प्रकारात पडदा व एक स्थिर पट्टी यांमधील अंतर कमीजास्त होऊन विद्युतधारकता बदलते. हा नाजूक आवाजही टिपतो, पण त्याला विजेचा पुरवठा लागतो. मोबाईलमधील व कॉलरला लावावयाचे छोटे माईक या दुसऱ्या प्रकारचे होत. काही माईक चहूंकडचे सारखेच ऐकतात, तर काही समोरचे अधिक व मागचे कमी. बाजारात किंवा रस्त्याकडेला दुसरा प्रकार सोयीचा. चार जणी वर्तुळात बसून गात असतील तर पहिला.

२. ध्वनिमुद्रक. शाळेत कोणापाशी तरी मोबाईल असतोच. आरंभ त्यावरच करावा. मुद्रणापूर्वी तो विमान-स्थितीत ठेवावा, म्हणजे मध्येच फोन येऊन खंड पडणार नाही. पुढे शक्य झाल्यास हातात मावणारा स्वतंत्र रेकॉर्डर घ्यावा. त्याच्या टोकाशी बहुधा दोन माईक असतात. त्यामुळे डावीउजवीकडचे आवाज वेगळे ओळखू येतात.

३. हेडफोन. नवशिक्याकडून हेच साधन नेमके वगळले जाते. आपला कान नको असलेला आवाज आपोआप बाजूला सारतो. माईक तसे करीत नाही. पंख्याची घरघर, बांगडीची किणकिण, दूरची मोटार हे सर्व त्यात सारखेच उतरते. यासाठी मुद्रण चालू असता एकाने हेडफोन लावून ऐकत राहावे.

४. वाऱ्याचे आच्छादन. वाऱ्याच्या झोताने माईकचा पडदा सरळ ढकलला जातो आणि बोलणे गडगडाटात बुडते. मंद वाऱ्यास स्पंजाची टोपी पुरते. जोराच्या वाऱ्यास केसाळ आवरण हवे. दोन्ही नसल्यास भिंतीच्या किंवा गंजीच्या आडोशाला बसावे.

वर्गात करावयाचे प्रयोग

प्रयोग पहिला. माईक मुलाच्या तोंडापासून एक वीत अंतरावर धरून चार वाक्ये मुद्रित करावी. मग दोन विती, त्यानंतर चार विती अंतरावरून तीच वाक्ये घ्यावी. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनीचा दाब निम्मा होतो, म्हणजे पातळी ६ डेसिबलने उतरते. सभोवतीचा गलबला मात्र तेवढाच राहतो. म्हणून माईक जवळ नेणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी उपाय होय.

प्रयोग दुसरा. कागदाची अरुंद पट्टी तोंडासमोर धरून 'मामा' व नंतर 'फुगा', 'फळा' म्हणावयास सांगावे. दुसऱ्या वेळी पट्टी हलेल. हाच श्वासाचा झोत माईकवर आदळला की 'धप्' असा आवाज येतो. माईक तोंडासमोर न धरता किंचित बाजूला धरल्यास हा दोष जातो.

प्रयोग तिसरा. वर्गात, ओसरीवर, मैदानात आणि सतरंज्या-गोधड्या रचलेल्या खोलीत एकेक टाळी वाजवून ती मुद्रित करावी. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. उघड्या भिंतींवरून व पत्र्यावरून तो वारंवार परततो, त्यामुळे वर्गातील टाळी घुमते. कापडाने तो शोषला जातो. यावरून मुलाखतीसाठी भरल्या घरातील खोली रिकाम्या वर्गापेक्षा का बरी, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येईल.

आवाजाची पातळी

यंत्रावर पातळी दाखविणारी पट्टी असते. तिचे वरचे टोक शून्य. बोलण्यातील मोठे स्वर उणे १२ ते उणे ६ च्या दरम्यान राहावेत. शून्याच्या वर गेलेल्या लहरीचा माथा कापला जातो व आवाज फाटतो. तो पुन्हा जोडता येत नाही. गाणारी बाई उत्साहात आली की स्वर चढतो, हे धरूनच पातळी थोडी कमी ठेवावी. काही नव्या यंत्रांत ३२ बिटांच्या विशेष पद्धतीमुळे पातळीतील चूक मागाहून सुधारता येते. परंतु दूर धरलेला माईक आणि वारा यांवर तेथेही इलाज नाही.

गणिताशी सांगड

यंत्र ध्वनिलहरीचे क्षणोक्षणी माप घेते. सेकंदाला ४८,००० मापे व प्रत्येक माप २ बाइटचे धरल्यास एका सेकंदास ९६,००० बाइट होतात. तासास किती? ९६,००० × ६० × ६० = ३४,५६,००,००० बाइट, म्हणजे सुमारे ३४६ मेगाबाइट. ३२ गिगाबाइटच्या कार्डावर असे सुमारे ९२ तास मावतात. सेकंदाला १,२८,००० बिट या दराने संक्षेप केल्यास तासाला केवळ ५७.६ मेगाबाइट लागतात. म्हणजे जागा एकषष्ठांश. पण संक्षेपात गळालेला भाग परत मिळत नाही. यासाठी मूळ प्रत असंक्षिप्त ठेवावी आणि ऐकविण्यासाठी संक्षिप्त प्रत काढावी.

मुलाखतीस जाताना

चार-पाच मुलांचा गट करावा : एक प्रश्न विचारील, एक यंत्र सांभाळील, एक हेडफोनवर ऐकेल, एक नोंद करील. बॅटरी पूर्ण भरलेली व कार्डावर जागा मोकळी असल्याची खात्री घरूनच करावी. आरंभी दिनांक, गाव, बोलणाऱ्याचे नाव व विषय एका मुलाने स्पष्ट सांगावा. प्रश्न असे असावेत की त्यांचे उत्तर केवळ 'हो' किंवा 'नाही' असे देता येऊ नये. 'आजी, पूर्वी दुष्काळ पडायचा का?' असे न विचारता, 'आजी, दुष्काळाच्या वर्षी तुम्ही पाणी कोठून आणीत होता, ते सांगा' असे विचारावे. आजी थांबल्या तर मुलांनीही थांबावे. पुष्कळदा खरी आठवण त्या थांबण्यानंतरच येते. त्यांचे बोलणे 'शुद्ध' करू पाहू नये. उलट, ज्या मुलांच्या घरी तशीच बोली बोलली जाते त्यांना, आपली बोलीही जतन करण्याच्या योग्यतेची आहे, हे शाळेने प्रथम याच निमित्ताने सांगावे.

कोणता आवाज नको असलेला व कोणता हवा, याचाही विवेक हवा. मुलाखतीत जात्याची घरघर म्हणजे अडथळा. ओवीत तीच साथ असते. शेवटी सर्वांनी अर्धा मिनिट स्तब्ध बसून त्या जागेचा नुसता आवाज टिपावा. पुढे तुकडे जोडताना तो उपयोगी पडतो.

संमती व जतन

न विचारता कोणाचाही आवाज टिपू नये. टिपलेले कोठे व कोणाला ऐकविणार, हे आधी सांगावे. मुद्रण त्यांना ऐकवावे आणि नको असलेला भाग काढून टाकावा. विद्यार्थ्यांचे आवाज शाळेबाहेर पाठविण्यापूर्वी पालकांची लेखी अनुमती घ्यावी. प्रतिलिपी अधिकाराच्या १९५७ च्या कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कला सादर करणाऱ्याचा हक्क मान्य केला आहे. त्यात गायक व वादकच नव्हे, तर कसरत करणारे आणि गारुडीही आहेत. ओवी गाणाऱ्या आजीचा मान त्यांच्याहून उणा नाही.

मुद्रणाच्या तीन प्रती कराव्या, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवाव्या, आणि त्यांपैकी एक शाळेबाहेर दुसऱ्या जागी असावी. प्रत्येक प्रतीबरोबर वहीत नोंद असावी. कोणाचा, कोठला, कधीचा हे ज्यावर लिहिलेले नाही, असा आवाज काही वर्षांनी ओळखू येत नाही. एक प्रत बोलणाऱ्याच्या घरी अवश्य द्यावी. त्या घरच्या नातवंडांना तिचे मोल सर्वांत अधिक आहे.

स्वाध्याय

१. एकच लेखन, पण 'च' किंवा 'ज' यांचा उच्चार निराळा, असे शब्द शोधून ते मुद्रित करा.
२. माईक एक वीत व चार विती अंतरावर असता ध्वनीच्या पातळीत किती डेसिबलचा फरक पडेल?
३. ४० मिनिटांच्या असंक्षिप्त मुद्रणास वरील हिशेबाने किती जागा लागेल?
४. मुलाखत घेताना हेडफोन का लावावा?
५. आपल्या गावातून नाहीसे झालेले एक काम व त्याबरोबर गेलेले गाणे किंवा शब्द यांची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून, त्यांच्या संमतीने दहा मिनिटांचे मुद्रण करा व वहीत त्याची नोंद करा.