बॅटरी उतरलीच नव्हती

पुणतांबा म्हटलं की कुणाला चांगदेव महाराजांची समाधी आठवते, कुणाला जून २०१७ मधला शेतकरी संप. शिर्डीला रेल्वेने जाणाऱ्याला आठवतं ते दौंड-मनमाड मार्गावरचं जंक्शन, जिथून साईनगरचा फाटा फुटतो. मला मात्र आठवते ती मामांची मारुती ८०० आणि तिच्या बॅटरीचा एक क्लँप.

सेमिस्टरची परीक्षा संपवून मी मामांकडे गेलो होतो. डिसेंबरची रात्र, गोदाकाठची थंडी. दीडच्या सुमारास आजीला दम लागला, बोलता येईना. कोपरगावला दवाखान्यात न्यायचं ठरलं. मामींनी आजीला शाल गुंडाळून गाडीत बसवलं, मामांनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्-टक्-टक्, आणि मीटरवरचे दिवे मालवले. चावी सोडली की दिवे परत लख्ख! हॉर्न वाजतोय, हेडलाइटचा उजेड पार समोरच्या उसापर्यंत जातोय, पण इंजिन काही फिरेना. ढकलून पाहिली, तर अंगणात चढ. शेवटी शेजारच्यांची जीप काढली. ह्यात पाऊण तास गेला. आजी वाचली, चार दिवसांनी घरी आली. पण तो पाऊण तास माझ्या डोक्यातून जाईना.

मामांचा राग वेगळाच होता. "अरे, महिना नाही झाला नवी बॅटरी टाकून! जुनी पण अशीच टक्-टक् करत होती म्हणून बदलली." बॅटरी ज्या दुकानातून आणली तिथे सकाळी जाऊन भांडायचा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, "मामा, आधी मला बघू द्या." खरं सांगायचं तर तिसऱ्या वर्षाला असूनही मी तोवर गाडीचं बॉनेट कधी उघडलं नव्हतं.

दहा रुपयांचंसुद्धा सामान लागलं नाही. ऋण बाजूचा क्लँप दोन बोटांनी धरून पिळला, तर तो पोस्टवर गोल फिरला. इतकंच!

आता इथे कुणीही विचारेल, की क्लँप सैल होता तर दिवे कसे लागले? गंमत इथेच आहे आणि ती फर्स्ट इयरच्या बेसिक इलेक्ट्रिकलमधलीच आहे. सैल सांधा म्हणजे वायर तुटलेली नव्हे. तो मध्ये घुसलेला एक छोटा रोध. समजा तो फक्त ०.०२ ओहम आहे. हेडलाइटला साधारण १० अँपिअर लागतात, म्हणजे सांध्यावर ०.२ व्होल्ट पडले. डोळ्याला फरक कळणारसुद्धा नाही. स्टार्टर मोटरला छोट्या पेट्रोल गाडीतही शंभराच्या वर अँपिअर लागतात. १२० धरा. त्याच सांध्यावर आता २.४ व्होल्ट पडले, आणि करंटचा वर्ग गुणिले रोध केलं तर २८८ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत. आपल्या लॅबमधले २५ वॅटचे डझनभर सोल्डरिंग आयर्न एकत्र धरल्यासारखं. म्हणून काही वेळा चार-पाच सेल्फ मारल्यावर क्लँप हाताला चटका देतो. चटका बसला तर बिघाड तिथेच आहे असं खुशाल समजावं.

मामांच्या गाडीत रोध ह्याहून बराच जास्त असणार. सोलेनॉइड आत ओढला जातो (टक्), मोटर करंट मागते, सांध्यावर व्होल्टेज पडतं, सोलेनॉइडला धरून ठेवण्याइतकंही उरत नाही, तो सुटतो, व्होल्टेज परत येतं, पुन्हा टक्. बॅटरी खरोखर उतरली तरी आवाज असाच येतो, आणि घोटाळा होतो तो त्यामुळेच.

दोन्हींतला फरक ओळखायला मल्टिमीटर पुरतो. हॉस्टेलवर कुणाकडे ना कुणाकडे असतोच. आधी एक प्रोब धन पोस्टवर आणि दुसरा ऋण पोस्टवर ठेवायचा. क्लँपवर नव्हे, मधल्या शिशाच्या पोस्टवर. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे (सहा सेल, प्रत्येकी २.१). मामांची १२.५ होती. मग एक प्रोब पोस्टवर आणि दुसरा त्याच पोस्टच्या क्लँपवर ठेवला. नीट सांधा असेल तर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. मामांनी सेल्फ मारला तेव्हा आकडा नाचला, पण सात व्होल्टच्या वर गेला! बॅटरी बिचारी पूर्ण दाब देत होती आणि निम्म्याहून जास्त दरवाजातच अडत होता.

आता दुरुस्ती. गाडी बंद, चावी बाहेर, हातातलं घड्याळ-अंगठी काढून खिशात. १० नंबरचा पाना घ्यायचा आणि ऋण क्लँप आधी सोडायचा. कारण बॉडी ऋण बाजूला जोडलेली असते. धन सोडताना पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. ऋण आधी निघाला असेल तर पाना कुठेही टेकला तरी सर्किट पुरं होत नाही. बसवताना उलट, ऋण शेवटी. ओरलला विचारलंच तर कारणासकट सांगा.

क्लँप डावी-उजवीकडे पिळत वर काढायचा, खालून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा नाही. पोस्ट शिशाची, मऊ. हलली तर बॅटरी गेली. क्लँपच्या आत पांढरी पूड होती, ती लेड सल्फेट. केबलच्या टोकाला निळसर-हिरवं साचलं होतं. ते पाहून मामा म्हणाले, "हे तर मोरचूद!" अगदी बरोबर, कॉपर सल्फेटच. द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारणाऱ्या माणसाला केमिस्ट्री शिकवायची गरज नसते. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ओतला की फसफसून सगळं निघतं. फक्त बॅटरीची झाकणं घट्ट लावलेली हवीत. सोडा आत गेला तर आतलं आम्लही मारेल. नंतर साध्या पाण्याने धुऊन, कोरडं करून पोस्ट आणि क्लँपची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केली.

एवढं करूनही बोल्ट आवळल्यावर क्लँप फिरतच होता. नीट पाहिलं तर त्याचे दोन्ही कान एकमेकांना टेकले होते. म्हणजे बोल्ट घट्ट, क्लँप सैल. वर्षानुवर्षं आवळून तो ताणला गेला होता. ऋण पोस्ट धन पोस्टपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर बारीक असते (उलटी जोडणी होऊ नये म्हणून), त्यामुळे हा त्रास त्या बाजूला लवकर दिसतो. अशा वेळी लोक खिळा ठोकतात, सिगारेटच्या पाकिटाची चांदी घालतात. ते दोन दिवस चालतं. मी हॅकसॉने कानांमधली फट थोडी वाढवली आणि क्लँप हाताने दाबून तळापर्यंत बसवला. हातोडी अजिबात नाही. मग मनगटाच्या जोराने आवळला. फार जोर लावला तर क्लँप पुन्हा ताणतो. फट वाढवूनही भागत नसेल तर शिशाची बारीक टोपी मिळते, नाहीतर सरळ नवा क्लँप घ्यावा. वरून व्हॅसलीनचा हात फिरवला, हवा आणि ओल लागू नये म्हणून.

आणखी एक गोष्ट सापडली. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी पट्टीच नव्हती, बॅटरी बदलताना कुणीतरी काढून ठेवली असावी. गळीत हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर सात-आठ किलोची बॅटरी मोकळी नाचत होती आणि प्रत्येक धक्का क्लँपवर येत होता. पट्टी गोठ्यातल्या भंगारात मिळाली.

परत मीटर लावला. सेल्फ मारताना पोस्ट ते क्लँप ०.१ व्होल्ट. गाडी पहिल्या झटक्यात सुरू.

तेवढ्यात गल्लीतले एक जुने मेकॅनिक आले आणि चार्जिंग बघू म्हणून चालू इंजिनवर क्लँप काढायला निघाले. डायनॅमोच्या काळात तशी रीत होती. मी हात धरला. आताच्या गाडीत अल्टरनेटर असतो; बॅटरी अचानक सुटली तर त्याचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. त्याऐवजी चालू इंजिनवर पोस्ट ते पोस्ट मीटर लावला, १४.१ दिसले. चार्जिंग ठीक होतं. बाबा जरा खट्टू झाले, पण चहा पिऊन गेले.

मामा दुकानात भांडायला गेले नाहीत. १० नंबरचा पाना मात्र तेव्हापासून त्यांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असतो. जुनी बॅटरी नवी घेताना मोडीत दिली होती, त्यामुळे ती चांगली होती की नाही हे तपासायचं राहूनच गेलं.