केळं दाखवून बोलावलेला ओरांगउटान

प्रश्न : सुमात्रातल्या बुकित लवांगला पाठीवर सॅक टाकून गेलो, दोन दिवसांचा जंगल ट्रेक केला. एका ओरांगउटान मादीभोवती पाच-सहा गट जमले होते आणि गाइड केळं दाखवून तिला खाली बोलावत होता. याला जंगल म्हणायचं का?

उत्तर : जंगल अगदी खरं आहे. गुनुंग लुसेर राष्ट्रीय उद्यानाची ती कड; हे उद्यान २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मात्र १९७३ मध्ये इथे माणसांनी पाळलेल्या ओरांगउटानांना परत रानात सोडण्याचं केंद्र सुरू झालं. त्यांतल्या काही माद्या आणि त्यांची पिल्लं माणसाला बुजत नाहीत. तुम्ही पाहिलेली बहुधा त्यांतलीच.

मला राग येतो तो त्या केळ्याचा. खायला घालायला तिथे मनाई आहे, अंतरही दहा मीटर ठेवायचं असतं. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. सुमात्रातली मादी आठ-नऊ वर्षांतून एकदाच विते. एक पिल्लू दगावलं तर ती तूट लवकर भरत नाही. दोष एकट्या गाइडचा नाही. जवळून फोटो मिळाला तरच बक्षिशी, ही सवय आपण पर्यटकांनीच लावली. पैसे ठरवतानाच त्याला सांगा : प्राणी दिसला नाही तरी चालेल, पण खायला घालायचं नाही.

पुन्हा गेलात तर आचे प्रांतात, अलास नदीकाठच्या केतांबेला जा. गर्दी कमी असते. जळवा असतात, लांब मोजे न्या.