भीती जाईपर्यंत रजा वाढवू नका

हार्ट अटॅक येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, टू-डी इको समाधानकारक आला, आता कामावर जायला हरकत नाही असं सांगितलं की समोरून हमखास एक वाक्य येतं: ‘डॉक्टर, अजून महिनाभर रजा लिहून द्या. मनातली धाकधूक गेली की जाईन.’ शेजारी बसलेल्या घरच्यांची मान त्याआधीच हललेली असते. मागणी साधी वाटते आणि त्यावर सही करणं सोपंही असतं. पण भीती आधी जाते आणि माणूस नंतर कामाला लागतो, या समजुतीनेच अशा रुग्णांचं फार नुकसान होतं. घडतं नेमकं उलटं. माणूस कामाला लागतो, आठ-दहा दिवस काही वावगं झालं नाही हे स्वतः अनुभवतो आणि मग भीती ओसरू लागते. घरी बसून ती ओसरत नाही, कारण तिला खोटं पाडणारं काही घरात घडतच नाही.

या समजुतीचं मूळ वैद्यकशास्त्राच्याच जुन्या शिकवणीत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅकच्या रुग्णाला कित्येक आठवडे बिछान्यावरून उठू देत नसत. विश्रांती जितकी जास्त तितकं हृदय सुरक्षित, असा हिशेब होता. बोस्टनचे डॉक्टर सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना सुरुवातीच्या दिवसांतच खुर्चीत बसवलं आणि १९५२ साली तो अनुभव प्रसिद्ध केला. अनेकांना हा अघोरीपणा वाटला, पण त्याने मृत्यू वाढले नाहीत. उलट सक्तीच्या झोपण्याने पायात होणाऱ्या आणि फुप्फुसात जाणाऱ्या गुठळ्यांचा धोका कमी झाला, मनही उभारी धरू लागलं. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरच्या पायऱ्या चढउतार करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. आणि सप्टेंबर १९५५मध्ये तर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाच हार्ट अटॅक आला. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना हळूहळू कामाकडे वळवलं. १९५६ची निवडणूक जिंकून आयझेनहॉवर यांनी दुसरी कारकीर्द पूर्ण केली. त्या काळात ना स्टेंट होता, ना आजची औषधं. आज अडलेली रक्तवाहिनी काही तासांत मोकळी होते, आणि आपण मात्र सत्तर वर्षांपूर्वीची भीती उराशी धरून बसतो.

ही भीती वाढते कशी, तेही नीट पाहा. घरी बसलेला माणूस दिवसातून पाच-सहा वेळा बीपी मोजतो, रात्री उशीवर कान टेकला की ठोके ऐकतो. एखाद्या दिवशी जिना चढताना छाती धडधडते. खरं तर चढताना प्रत्येकाचीच धडधडते. पण हा माणूस पहिल्या मजल्यावरच थांबतो, कठड्याला धरून नाडी बघतो आणि दुसऱ्या दिवसापासून लिफ्ट धरतो. महिनाभरात पायांचे स्नायू इतके सैल पडतात की तोच जिना चढताना खरोखरच दम लागतो, आणि हा त्याला हृदय कमजोर झाल्याचा पुरावा वाटतो. कमजोर पडलेले असतात पाय. रजेचा प्रत्येक वाढीव आठवडा असा नवा पुरावा जमवत जातो. गुंतागुंत नसेल तर अँजिओप्लास्टीनंतर बैठ्या कामावर साधारण दोन ते चार आठवड्यांत जाता येतं. बायपासनंतर छातीचं हाड जुळायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने. त्यापुढची रजा इको, ट्रेडमिल चाचणी आणि तुमच्या लक्षणांवरून ठरावी, धाकधुकीवरून नव्हे.

‘पण माझं कामच टेन्शनचं आहे, त्यानेच अटॅक आला,’ हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. मानसिक ताण हृदयविकाराला हातभार लावतो, हे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात २००४ साली दिसलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१च्या अहवालानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास राबणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आहे. पण यातून निघतं ते इतकंच, की तास आणि पाळ्या बदलून घ्या. काम सोडून घरी बसल्यावर थकणारे हप्ते आणि ‘आता आपला उपयोग काय’ हा विचार हाही ताणच असतो, आणि त्याला सुट्टीचा वार नसतो. शिवाय याच इंटरहार्टमध्ये तंबाखू, मधुमेह आणि रक्तदाबही ठळकपणे होते. साहेबाला दोष देऊन तंबाखूची पुडी खिशात ठेवणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. हमाली, बांधकाम, शेतातली खुरपणी-नांगरणी, अवजड वाहन चालवणं यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे चाचणीशिवाय परतू नका आणि आधी हलकं काम मागून घ्या. लोकलची रेटारेटी झेपत नसेल, तर पहिले काही आठवडे गर्दीच्या आधीची किंवा नंतरची गाडी पकडा. अर्ध्या दिवसाने सुरुवात करणं यात कमीपणा नाही.

घाबरून जे उपाय केले जातात, ते पाहून जीव तुटतो. कोणाच्या तरी सांगण्यावरून चिंता शमवणारी अल्प्राझोलामची गोळी रोज घेतली जाते. काही आठवड्यांत तिची सवय लागते, आणि मग बंद केल्यावर होणारी घालमेल माणूस पुन्हा हृदयाच्या खात्यावर टाकतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचा लसूण-आलं-लिंबाचा काढा ब्लॉकेज विरघळवत नाही. काढा सुरू केला म्हणून स्टेंट टाकल्यावरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करणं हा तर जिवाशी खेळ आहे. त्याने स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. जाहिरातीतल्या वैद्यांच्या नादी लागून या गोळ्या एक दिवसही थांबवू नका.

‘कामावर असताना दुखलं तर ओळखायचं कसं?’ हा प्रश्न रास्त आहे. बोट ठेवून दाखवता येईल अशी, क्षणभर येऊन जाणारी टोचणी बहुधा हृदयाची नसते. छातीवर दाब, आवळल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, श्रमाने वाढणं, ही लक्षणं मात्र खरी धोक्याची. मधुमेह असेल तर दुखण्याऐवजी नुसती धाप किंवा मळमळही पुरेशी आहे. जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर आधी खाली बसा, मग ती ठेवा. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ला फोन करा. स्वतः गाडी चालवत रुग्णालयात येऊ नका. चक्कर येऊन पडलात, तरी १०८लाच फोन करा.

आणि ज्यांची भीती कामावर जाऊनही हटत नाही, झोप उडते, जेवणावरची वासना जाते, कशातच मन लागत नाही, त्यांना ‘मन घट्ट करा’ सांगणं हा अन्याय आहे. हे नैराश्य असू शकतं. मॉन्ट्रियलच्या संशोधक नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी १९९३ साली दाखवून दिलं, की अटॅकनंतर नैराश्य आलेल्या रुग्णांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू लक्षणीयरीत्या जास्त होते. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं हा हृदयाच्या उपचाराचाच भाग आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि डॉक्टरांना गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास सुरू असतो.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा रजेच्या अर्जाऐवजी तुमच्या कामाचा दिवस कागदावर लिहून आणा: किती तास, किती जिने, किती वजन, रात्रपाळी आहे का, प्रवास कसा. म्हणजे फिटनेस सर्टिफिकेटवर नुसतं ‘फिट’ न लिहिता, पहिले सहा आठवडे कोणतं काम चालेल आणि कोणतं नाही, हे तुमच्या डॉक्टरांना नेमकं लिहिता येईल.