घटक ४ : अभ्यासेतर उपक्रम, विद्यार्थ्याचे स्वास्थ्य आणि अभ्यासातील प्रगती

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस
• अभ्यासेतर उपक्रमांचे स्वरूप सांगता येईल.
• उपक्रमांतील सहभाग, मनःस्वास्थ्य आणि प्रगती यांच्यातील संबंध स्पष्ट करता येईल.
• सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील भेद दाखवता येईल.
• स्वतःच्या परिस्थितीला झेपेल असा उपक्रम निवडता येईल.

४.१ प्रास्ताविक

तालमी पुरे झाल्या, आता पुस्तक हातात घे, असा उपदेश अनेक विद्यार्थ्यांनी घरी ऐकलेला असतो. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात मात्र नाटक, क्रीडा आणि सेवाकार्य यांना मानाचे स्थान असते. मग उपक्रमांमुळे अभ्यास बुडतो की सुधारतो? नोकरी व घर सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अधिकच बिकट होतो. कारण त्याच्याजवळ मोकळी संध्याकाळच नसते. या प्रश्नाचा विचार आपण प्रस्तुत घटकात करणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ उपक्रमांचे स्वरूप

विहित अभ्यासक्रमाबाहेर विद्यार्थ्याने स्वेच्छेने, नियमितपणे आणि इतरांसमवेत केलेले कार्य म्हणजे अभ्यासेतर उपक्रम होय. दोन उदाहरणे पाहू.

पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवीत आली आहे. एकांकिका रंगमंचावर थोडाच वेळ चालते; तिच्यामागे मात्र अनेक आठवड्यांच्या तालमी असतात. नट, प्रकाशयोजना सांभाळणारा, नेपथ्य लावणारा असा प्रत्येकजण वेळेवर आला, तरच प्रयोग उभा राहतो.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास सेवाकार्य करावे आणि ७ दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावा, अशी तिची रचना आहे.

दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे : विद्यार्थी तेथे प्रेक्षक नसतो, त्याच्यावर काहीतरी सोपवलेले असते.

४.२.२ सहभागाची मीमांसा

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अलेक्झांडर अॅस्टिन यांनी १९८४ मध्ये सहभागाचा सिद्धान्त मांडला. विद्यार्थी आपल्या शिक्षणानुभवात जी शारीरिक व मानसिक ऊर्जा घालतो, तिला ते सहभाग म्हणतात. या दृष्टीने केवळ नाव नोंदवणे म्हणजे सहभाग नव्हे.

त्यापूर्वी, १९७५ मध्ये, व्हिन्सेंट टिंटो यांनी विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, याचा विचार केला होता. अभ्यासाशी जुळणे आणि संस्थेतील माणसांशी जुळणे, हे दोन धागे विद्यार्थ्याला टिकवून धरतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उपक्रमांचे कार्य प्रामुख्याने दुसऱ्या धाग्याशी निगडित आहे. तालमीला न आलेल्या मुलाची चौकशी होते. ज्याची कोणी वाट पाहत नाही, त्याची अनुपस्थितीही कोणाच्या लक्षात येत नाही. आपण कोणाला तरी हवे आहोत ही जाणीव मनःस्वास्थ्याचा आधार असते, आणि स्थिर मनानेच अभ्यास होतो.

४.२.३ सहसंबंध आणि कार्यकारणभाव

उपक्रमांत भाग घेणाऱ्यांना अधिक गुण मिळाले असे आढळले, तर उपक्रमांमुळेच गुण वाढले असे म्हणता येईल काय? तसे लगेच म्हणता येणार नाही. ज्याच्या घरी आर्थिक स्वास्थ्य आहे, ज्याला कामावर जावे लागत नाही, तोच तालमीला थांबू शकतो. आणि त्यालाच अभ्यासालाही अधिक वेळ मिळतो. अशा वेळी उपक्रम व गुण या दोहोंमागे तिसरेच कारण असते. म्हणून तुलना करताना विद्यार्थ्यांचे पूर्वीचे गुण, आर्थिक स्थिती आणि कामाचे तास विचारात घ्यावे लागतात.

प्रमाणाचाही विचार आवश्यक आहे. उपक्रम झोपेवर व वाचनाच्या वेळेवर अतिक्रमण करू लागला, की तोच ताणाचे कारण बनतो.

४.२.४ प्रौढ विद्यार्थी आणि उपक्रम

वरील विचार मुख्यतः महाविद्यालयाच्या आवारात वावरणाऱ्या तरुणांना समोर ठेवून झाला आहे. जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी १९८५ मध्ये वयाने मोठ्या व अर्धवेळ शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार केला. अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत नोकरीचे तास, कौटुंबिक जबाबदाऱ्या, पैसा आणि बाहेरून मिळणारे प्रोत्साहन हे घटक संस्थेतील मैत्रीपेक्षा अधिक निर्णायक ठरतात, असे त्यांनी मांडले.

याचा अर्थ प्रौढाला सहवास नको असा नाही. त्याचा सहवास आवाराबाहेर असतो. भजनी मंडळ, बचत गट, गावचे ग्रंथालय, उत्सवातील नाटक हे त्याचे उपक्रम होत. समजा, बचत गटाची सचिव असलेली एक विद्यार्थिनी दरमहा सभेचे इतिवृत्त लिहिते. मुद्दे निवडणे, ते क्रमाने व नेमक्या शब्दांत मांडणे, हा सराव तिला उत्तरलेखनातही उपयोगी पडतो. गटातील स्त्रियांना तिची परीक्षा ठाऊक असेल, तर त्या आठवड्यात तिचे काम कोणीतरी उचलते. बीन व मेट्झनर ज्याला बाहेरचे प्रोत्साहन म्हणतात, ते हेच.

तेव्हा नवा भार घेण्यापेक्षा आहे त्या सहवासाला आपल्या शिक्षणाची माहिती द्यावी. संपर्कसत्रानंतर दोघातिघांनी अर्धा तास थांबून एखादी कविता मोठ्याने वाचली, तरी तो उपक्रमच आहे. शिक्षण सोडण्याचा विचार मनात आला, तर तो बोलून दाखवण्याजोगे माणूस जवळ असणे, हा त्याचा सर्वांत मोठा लाभ होय.

स्वयं-अध्ययन प्रश्न

चूक की बरोबर ते सांगा.
१. अॅस्टिन यांच्या मते नाव नोंदवणे म्हणजेच सहभाग.
२. सहसंबंध आढळला की कार्यकारणभाव सिद्ध होतो.
३. बीन व मेट्झनर यांनी अर्धवेळ विद्यार्थ्यांचा विचार केला.

४.३ सारांश

उपक्रमांचा लाभ त्यांच्या संख्येतून मिळत नाही; जबाबदारी, नियमितता आणि आपलेपणा यांतून तो मिळतो. सहभाग आणि गुण यांचा संबंध सांगताना इतर कारणे तपासावी लागतात. प्रौढ विद्यार्थ्याने आपल्या जीवनातील विद्यमान सहवास अभ्यासाशी जोडून घ्यावा.

४.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. चूक २. चूक ३. बरोबर

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. टिंटो आणि बीन-मेट्झनर यांच्या विचारांची तुलना करा.
२. आपल्या एका आठवड्याचे वेळापत्रक लिहा. त्यातील कोणता सहवास अभ्यासाला साहाय्यक ठरतो आणि कोणता वेळ खातो, ते १५ ओळींत सकारण लिहा.