दोन इंचांचे आश्वासन

स्त्रीची उंची पाच फुटांहून इंच-दीड इंचाने कमी असणे हा काही दोष नव्हे, आणि तो दोष असल्याप्रमाणे तिच्याशी बोलण्याचा अधिकार वाहनविक्रीच्या दुकानातील कोणत्याही इसमास नाही, हे इतके उघड आहे की ते लिहून काढण्याची पाळी आपल्यावर येईल असे मला कधी वाटले नव्हते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे 152 सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास भरते. अर्थात या देशातील असंख्य स्त्रिया माझ्याच मापाच्या आहेत. असे असता मोटारसायकल घ्यावयास आलेल्या ठेंगण्या बाईकडे काही विपरीत घडत असल्याप्रमाणे पाहण्याची जी रीत आमच्या नागपुरात रूढ आहे, तिचा अनुभव मी पुरेपूर घेतला. ज्या भगिनी या वाटेने येऊ पाहत असतील त्यांना तो उपयोगी पडावा, आणि घडल्या प्रकाराची माझ्या बाजूची हकीकतही कोठेतरी नमूद राहावी, अशा दुहेरी हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

माझी नोकरी तलाठ्याची, आणि सजा हिंगणा तालुक्यातील. “मग स्कूटर का नाही घेत?” हा प्रश्न मला ज्यांनी ज्यांनी विचारला, त्यांपैकी एकानेही अतिवृष्टीनंतर काळ्या रानातून पंचनाम्याला जाऊन पाहिलेले नाही. डांबरी सोडून पांदणीत शिरले की ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या इतक्या खोल गेलेल्या असतात की स्कूटरचे दहा-बारा इंची चाक त्यांत उतरते ते तेथेच राहते, चिकण माती मडगार्डात ठासून बसते आणि चाक फिरेनासे होते. सतरा-अठरा इंची चाकाची मोटारसायकल, दोन्ही बाजूंना पाय टेकत टेकत का होईना, त्यातून निघते. पण त्याकरिता पाय टेकले पाहिजेत, आणि सगळा प्रश्न तेथेच येऊन थांबतो.

1972 साली किनेटिकची लुना आली, तिने आमच्या आयांच्या पिढीतील शिक्षिकांना आणि परिचारिकांना प्रथमच स्वतःचे वाहन दिले. तिची बैठक सायकलीच्या मापाची होती, आणि थांबताना बाईला जमीन शोधावी लागत नसे. मोटारसायकलीने स्त्रीचा विचार केला तो मात्र मागच्या आसनापुरताच. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 123 पाहावा: मागे बसणाऱ्यासाठी हाताची पकड हवी, पाय ठेवण्याची सोय हवी, आणि मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारी जाळी हवी. साडीचा पदर चाकात जाऊन किती संसार उद्ध्वस्त झाले हे ज्याला ठाऊक आहे तो या नियमाला नावे ठेवणार नाही, मीही ठेवीत नाही. परंतु पुढच्या आसनावर, हँडल हाती घेऊन, तीच स्त्री बसेल तेव्हा तिचे पाय कोठवर पोहोचतील, याची चिंता कोणत्याही नियमाने वाहिलेली माझ्या पाहण्यात नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी पहिल्या पानावर छापली जातात. त्यांतील एखादी दुसऱ्या दिवशी गाडी खरेदीला गेली, तर तिलाही स्कूटरचाच कोपरा दाखविण्यात येईल, याविषयी मला शंका नाही.

वर्धा रोडवरील ज्या दुकानात आम्ही गेलो त्याचे नाव मी लिहीत नाही. तेथील विक्रेता तरुण होता, बोलण्यात अदबशीर होता, आणि ती सगळी अदब त्याने माझ्या यजमानांसाठी राखून ठेवली होती. मायलेज किती, हप्ता किती, रंग कोणता, हे सर्व “सर” या संबोधनाने त्यांना सांगितले जात होते. प्रश्न मी विचारीत होते आणि उत्तरे त्यांना मिळत होती. यजमानांनी दोनदा सांगितले की गाडी यांना घ्यावयाची आहे, यांच्याशी बोला. त्यावर त्याने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिले आणि तो पुन्हा त्यांच्याकडे वळून म्हणाला, “सर, मॅडमसाठी मोपेडच पहा ना.”

मी मागितली होती ती हलकी, शंभर सीसीची, अरुंद बैठकीची गाडी. ती दीड महिना मिळणार नाही असे सांगण्यात आले. पावसाळा तोंडावर होता. (तीच गाडी त्याच आठवड्यात माझ्या एका सहकाऱ्याला त्याच दुकानातून मिळाली, हे मला पुढे कळले.) मग जवळजवळ दोन क्विंटल वजनाची एक गाडी पुढे करण्यात आली. तिच्यावर मला बसविले ते फरशीवर, डबल स्टँडवर चढवून. रस्त्यावर चालवून पाहण्याची मागणी केली तेव्हा टेस्ट राईडची गाडी सर्व्हिसिंगला गेलेली निघाली. पाय पोहोचत नाहीत असे मी स्वच्छ म्हटले. त्यावर, “टेन्शन नका घेऊ मॅडम, आपला माणूस हाय, सीट कोरून दोन इंच खाली करून देते तो,” असे आश्वासन मिळाले. हे दोन इंच कोटेशनवर लिहून द्या, अशीही मागणी मी केली. माझी उभी हयात नोंदींत चालली आहे, तेव्हा ती केल्यावाचून मी राहणे शक्यच नव्हते. उत्तर आले की संगणकात तसा रकाना नाही. यजमान साक्षीला होते, खाली करण्याच्या कामाचे पैसे त्या माणसाच्या फोनवर पाठविले गेले, आणि गाडी ताब्यात आली तेव्हा फरशीवर माझ्या टाचा खरोखरच टेकत होत्या.

पहिल्या पावसानंतर एका बांधाला गाडी साइड स्टँडवर लावून मी शेतात उतरले, आणि पाठमोरी असतानाच ती पलीकडच्या अंगाला सोयाबीनमध्ये आडवी झाली. वारा नव्हता, जमीन घट्ट होती. पुढे हे वारंवार होऊ लागले. मागे माणूस बसला की चाकातून घासल्याचा आवाज येई, आणि सिग्नलला थांबताना गाडी नेहमीपेक्षा कमी कलूनच हातातून निसटू पाहत असे. शेवटी हिंगणा रोडवरील एका वयस्क मिस्त्रीकडे ती नेली. त्यांनी काही न बोलता खाली बसून मागच्या मडगार्डाच्या आत बोट फिरविले आणि ते मला दाखविले: टायर घासून जमलेला काळा रबराचा भुगा. नंतर त्यांनी शॉकअपच्या वरच्या नटाकडे बोट केले. त्याच्या कडा चुकीच्या पान्याने घासून गोल झाल्या होत्या, आणि आतील बूश नव्या गाडीच्या मानाने फारच झिजलेले होते. “ताई, हे शॉकअप या गाडीचे नाहीत. लहान गाडीचे जुने काढून लावले. स्टँड मात्र तोच ठेवला, म्हणून तर उभीच राहते न् पडते.”

दुखापत झाली नव्हती, तरी माझे हातपाय गार पडले. पोटच्या पोरीला मी त्याच गाडीवर मागे बसवून शाळेत सोडीत होते. सीट कोरून खाली करू असे सांगून, मला न विचारता, दुसऱ्या वाहनाचे वापरलेले शॉकअप नव्या गाडीला चढविले गेले होते, आणि गाडीचे मूळ शॉकअप कोठे गेले याचा पत्ता नव्हता.

दुकानात परत गेले तेव्हा व्यवस्थापकाने वॉरंटीची पुस्तिका उघडून माझ्यासमोर ठेवली: बाहेर फेरफार केलेला असल्याने हक्क संपला. बाहेर कोठे? तुमच्याच आवारात, तुमच्याच माणसाने केला. तो माणूस आमच्या हजेरीपटावर नाही. मग तो तुमच्या वर्कशॉपमध्ये काय करीत होता? या प्रश्नाला उत्तर न देता त्या गृहस्थाने जे वाक्य उच्चारले ते मी विसरणार नाही: “आता तुमची उंचीच कमी आहे मॅडम, त्याला कंपनी काय करणार?”

याचे उत्तर तेथे मी दिले नाही, येथे देते. कंपनीने पुष्कळ करावे, आणि काही कंपन्या करीतही आहेत. बजाजच्या अव्हेंजर 220 ची बैठक 737 मिलिमीटरवर आहे आणि रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर 350 ची 765 वर. पण केवळ या आकड्यावर भिस्त ठेवू नये, हे मला सर्वांत महाग पडून कळलेले शहाणपण आहे. हिरो स्प्लेंडरची बैठक 785 मिलिमीटर, म्हणजे त्या दोहोंपेक्षा उंच. तरी ती पुढच्या बाजूस अरुंद असल्याने मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली उतरतो. रुंद बैठक पायाची लांबी बाजूला खाऊन टाकते, आणि हे माप कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. शिवाय स्प्लेंडरचे वजन 112 किलो, मीटिऑरचे 191. कललेली गाडी सावरताना मनगटांवर आणि गुडघ्यावर जो भार येतो तो या आकड्याचा असतो, उंचीचा नव्हे. अव्हेंजर वर्धेला जाण्यास सुखाची आहे, परंतु तिचे पायदान पुढे असल्याने खड्ड्यात उठून उभे राहता येत नाही, म्हणून पांदणीला ती माझ्या कामाची नाही.

गाडी पाहावयास जाताना नेहमीचेच बूट घालावेत, फरशीवर बसून समाधान मानू नये, आणि स्टँड काढून रस्त्यावर न्यावी. आमच्या शहरातील सिमेंट रस्त्यांच्या कडा बाजूच्या जमिनीहून चांगल्या वीतभर उंच आहेत. डावीकडे थांबताना तुमचा पाय त्या खालच्या जमिनीवर जाणार आहे, हे ध्यानात ठेवून तशाच एखाद्या कडेला थांबून पाहावे. सेमिनरी हिल्सच्या चढावरही एकदा थांबावे. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत असे नाही. उजवा पाय ब्रेकवर ठेवून, कंबर किंचित डावीकडे सरकवून, डावा तळवा पूर्ण टेकविता येणे पुरेसे आहे, आणि ही सवय आठवड्याभरात अंगवळणी पडते. क्लच दाबून पाहावा. लहान हाताला तो दूर पडत असेल तर तेथेच सांगावे.

गाडी खाली करणेच असेल तर प्रथम मागच्या शॉकअपची कंपनीने दिलेली खाच सर्वांत मऊ टप्प्यावर आणावी. त्यास पैसे पडत नाहीत आणि वॉरंटीही जात नाही. पुढे सीटचा फोम उतरवावा, पण मधोमध खड्डा करू देऊ नये, त्याने माणूस टाकीवर घसरत राहतो व माकडहाड दुखते. फोम काढावयाचा तो पुढच्या दोन्ही कडांचा. आमच्या नवतपात काळे रेक्झिन तव्यासारखे भाजते, म्हणून कापडी आवरण घालावे. शॉकअपला मात्र हात लावू देऊ नये. आणि कोणी लावलाच, तर साइड स्टँड त्या प्रमाणात आखूड केल्यावाचून गाडी ताब्यात घेऊ नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीपत्राशी विसंगत ठरणारा फेरफार मालकाच्या अंगावर येतो.

आपला परवाना गिअरसहित मोटारसायकलीचा आहे ना, हे पाहून घ्यावे. हेल्मेट चांगले घ्यावे. घाई करू नये. शक्य असल्यास मोटारसायकल चालविणारी एखादी स्त्री सोबत न्यावी. पुण्यात 2011 साली सुरू झालेल्या ‘द बायकर्नी’ या स्त्रियांच्या संघटनेमुळे अशा स्त्रिया आता दुर्मीळ राहिलेल्या नाहीत.

आणि फसवणूक झालीच तर बिल, फोनवरील देण्याची नोंद आणि मिस्त्रीचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 खाली दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्कही पडत नाही. मी ती गाडी नवे शॉकअप स्वखर्चाने बसवून, नुकसान सोसून विकली, शंभर सीसीची घेतली, आणि दुकानास नोंदणीकृत टपालाने नोटीस धाडली. पोचपावती आली आहे. उत्तरही आले, दोन ओळींचे, आणि त्यावर पत्ता लिहिला आहे तो माझ्या यजमानांच्या नावाने.