प्रतिकारशक्तीविहीन उंदीर आणि नवजात वासरू

परभणी जिल्ह्यातील पेडगावच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की उंदीर तिच्यावर तुटून पडतात. शेतकऱ्याच्या या जुन्या वैऱ्याचा नायनाट करावा, हे सांगणे योग्यच आहे. परंतु त्याच्याच जातकुळीतील एक उंदीर असा आहे की, त्याच्यापाशी जाताना माणसाला अंगावरचे कपडे बदलावे लागतात.

सन १९५३ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील रोवेट संशोधन संस्थेत केस नसलेले उंदीर आपोआप जन्मास आले. त्यांच्यात थायमस ग्रंथीच वाढत नाही, असे पुढे आढळून आले. रोगजंतूंशी झुंजणाऱ्या टी-पेशी याच ग्रंथीत परिपक्व होतात. सन २००९ मध्ये उंदराच्या भ्रूणातील नेमके जनुक छेदून निकामी करण्याची रीत साधली. ‘रॅग-२’ हे जनुक मोडले म्हणजे टी व बी या दोन्ही पेशी बनत नाहीत. अशा प्राण्याचे शरीर परक्या पेशींना विरोध करीत नाही. म्हणून माणसाच्या कर्करोगाची गाठ त्याच्या अंगी रुजते व तिच्यावर नवे औषध आजमावता येते. नवी मुंबईतील खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात अशा कामासाठी प्रतिकारहीन छोटे उंदीर पाळले जातात. मोठ्या जातीचा उंदीर त्यांच्या सुमारे दहापट वजनाचा असल्याने त्याचे रक्त तपासणीसाठी वरचेवर घेता येते.

या प्राण्यांना गाळलेली हवा आणि निर्जंतुक केलेले खाद्य, पाणी व अंथरूण लागते. निरोगी उंदराला न बाधणारा जंतूही त्यांचा प्राण घेतो.

पेडगावच्या गोठ्यात नुकतेच जन्मलेले वासरू काही तास जवळजवळ याच अवस्थेत असते. गाईच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये वासराच्या रक्तात उतरत नाहीत. ती केवळ चिकातून मिळतात. आतड्याची ती शोषून घेण्याची शक्ती तासागणिक घटते व चोवीस तासांत संपते. तरीही वार पडेपर्यंत गाय पिळू नये, ही समजूत अनेक ठिकाणी टिकून आहे, आणि तिच्यापायी मोलाचे तास वाया जातात. वीस किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशी किमान दोन लिटर चीक द्यावा. त्यातील निम्मा पहिल्या दोन तासांतच पाजावा. खरवस नंतरच्या चिकाचाही उत्तम होतो. नाळेस टिंक्चर आयोडीन लावावे व खाली कोरडे गवत अंथरावे.

दोहोंत एक मोठा भेद आहे. वासराची स्वतःची प्रतिकारशक्ती काही आठवड्यांत वाढीस लागते व पुढे लसही लागू पडते. त्या उंदरास मात्र लस टोचूनही उपयोग नसतो. त्याला जन्मभर पिंजऱ्याच्या स्वच्छतेवरच जगावे लागते.