अजगराचे शिक्षण : मोठ्या सापांची सुरक्षित हाताळणी

सर्पवर्गात अजगर आणि बोआ हे आकाराने सर्वांत मोठे होत. ब्रह्मदेशी अजगर पाच मीटरपर्यंत वाढू शकतो. आग्नेय आशियातील जाळीदार अजगराची लांबी सहा मीटरांहूनही अधिक भरल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत व युरोपात असे साप हौसेने घरी पाळणारे लोक पुष्कळ आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार भारतीय अजगर संरक्षित असून तो पकडणे अथवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. आपल्याकडे अजगर हाताळण्याचा प्रसंग येतो तो प्राणिसंग्रहालयातील सेवकांवर. तेव्हा एवढ्या बलाढ्य प्राण्याजवळ मनुष्य सुरक्षितपणे कसा वावरू शकतो, आणि सापाला खरोखर काही शिकविता येते काय, याचा आपण विचार करू.

सापाला जग कसे कळते?

सापाला बाह्य कर्ण नसतात. जमिनीतील कंपने व खालच्या पट्टीतील काही नाद त्याला जाणवतात. पण हाक मारलेले नाव त्याच्या दृष्टीने निरर्थक होय. दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतील गंधकण टिपतो आणि टाळूतील जेकबसन इंद्रियाकडे पोहोचवितो. बहुतेक अजगरांच्या ओठांवर उष्णता जाणणाऱ्या लहान खाचाही असतात. त्यांच्या योगे अंधारातसुद्धा उष्ण रक्ताचा प्राणी कोठे आहे, हे त्यांना समजते.

अजगर भक्ष्याच्या मागे धावत नाही. तो दबा धरून बसतो. भक्ष्याचा गंध आला आणि समोर उबदार वस्तू हलली की तो क्षणार्धात झेप घेतो, मागे वळलेल्या दातांनी पकड घट्ट करतो आणि वेटोळे घालतो. वेटोळ्यात सापडलेला प्राणी केवळ गुदमरून मरतो, अशी जुनी समजूत होती. बोआ सापांवरील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मात्र असे आढळले की, वेटोळ्यांच्या दाबाने काही सेकंदांतच भक्ष्याचे रुधिराभिसरण कोलमडते. सुटकेसाठी वेळ किती थोडा असतो, हे यावरून ध्यानात येईल.

चूक कोठे घडते?

पिंजऱ्याचे दार केवळ अन्न देण्यासाठीच उघडले जात असेल, तर काही आठवड्यांत अजगर दार उघडण्याचा अर्थ ‘अन्न आले’ असा लावू लागतो. पुढे एखाद्या दिवशी सेवकाने पाणी बदलण्यासाठी हात आत घातला, तर तो उबदार हात सापाला भक्ष्यच वाटतो. हाताला उंदराचा वा सशाचा गंध असेल, तर मग शंकेला जागाच उरत नाही. अशा वेळी साप रागावलेला नसतो, की त्याच्या मनात वैरही नसते. आपणच दिलेल्या चुकीच्या धड्याप्रमाणे तो वागतो.

दोन वेगळे संकेत

साप शिकू शकतो याचा प्रयोगसिद्ध पुरावा आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉर्न स्नेक जातीच्या पिलांनी आसऱ्याच्या बिळाची जागा शिकून घेतली. सरावाबरोबर तेथे पोहोचण्यास त्यांना लागणारा वेळ कमी होत गेला.

परंतु कुत्र्याला शिकवावे तसे अजगराला शिकविता येत नाही. कुत्र्याला दिवसातून वीस वेळा खाऊचे बक्षीस देता येते. मोठा अजगर कित्येक आठवड्यांतून एकदा खातो. म्हणून येथे बक्षिसापेक्षा संकेतावर अधिक भिस्त ठेवावी लागते.

त्यासाठी लांब दांड्याची, गुळगुळीत टोकाची आकडी वापरतात. हाताळणीपूर्वी दर वेळी सापाच्या अंगाला आकडीचा हलका स्पर्श करतात आणि त्या वेळी अन्न कधीही देत नाहीत. अन्न देताना उलट आकडी लावीत नाहीत. मारलेले भक्ष्य लांब चिमट्याने पुढे धरतात. हा भेद महिनोन्महिने न चुकता पाळला की ‘आकडीचा स्पर्श झाला, म्हणजे आता भक्ष्य नाही’ हा संबंध सापाच्या ठिकाणी दृढ होतो आणि तो झेपेचा पवित्रा सोडतो. काही प्राणिसंग्रहालयांत ठरावीक रंगाची खूण दिसताच तिच्याकडे येण्यासही सापांना शिकविले जाते. मग अन्नाची जागा आणि माणसाची जागा वेगळ्या ठेवता येतात.

हाताळणीचे नियम

१. तीन मीटरांच्या सापाला एकट्याने कधीही हाताळू नये. साप जितका लांब, तितकी माणसे अधिक हवीत.

२. हाताळण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, म्हणजे भक्ष्याचा गंध राहत नाही. नंतरही धुवावेत, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

३. खाल्ल्यानंतर निदान दोन दिवस, आणि कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झालेले असताना, सापाला हात लावू नये.

४. सापाचे अंग दोन-तीन ठिकाणी आधार देऊन उचलावे; त्याला गळ्यात कधीही घालू नये.

५. वेटोळे पडलेच तर शेपटीकडून उलगडावे. दातांत सापडलेला हात हिसकू नये; दात मागे वळलेले असल्याने जखम अधिक फाटते.

शिक्षण कोणाचे?

इतके करूनही अजगर माणसाळला असे म्हणता येत नाही. तो धन्याला माया लावीत नाही. फक्त संकेत ओळखतो. संकेत एकदा जरी उलटसुलट झाला, तरी अनेक वर्षांचा शांत साप पुन्हा शिकारी होऊ शकतो. म्हणून या शिक्षणात खरी शिस्त सापापेक्षा माणसाने अंगी बाणवावी लागते. आकडी उचलण्याचा कंटाळा न करणारा आणि ‘माझा साप मला ओळखतो’ या भ्रमात न राहणारा सेवकच सुरक्षित राहतो. आणि त्याच्या हाती सापही सुरक्षित राहतो.